मृगाच्या बाणापासून आकाश वाचताना

दर जूनमध्ये 'मृग लागला' अशी बातमी येते आणि आकाश बघायला नुकतंच शिकणारं कोणीतरी हमखास विचारतं, की मग ते मृग नक्षत्र रात्री कुठे बघायचं? तेव्हा ते कुठेच दिसत नाही. ७ किंवा ८ जूनला मृग लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्याबरोबर उगवणारं आणि सूर्याबरोबरच मावळणारं नक्षत्र दिसणार कसं? शेतकऱ्याचं पावसाचं नक्षत्र आणि रात्री बघायचं नक्षत्र यांच्यात साधारण सहा महिन्यांचं अंतर असतं. हे एकदा नीट समजलं की पंचांगातली नावं आकाश शिकायला फार उपयोगी पडतात.

चांद्र महिन्यांची नावं पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो त्यावरून पडली आहेत. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि सूर्योदयाला मावळतो, म्हणजे ते नक्षत्रही त्या महिन्यात रात्रभर आकाशात असतं. कार्तिकात कृत्तिका, मार्गशीर्षात मृग, माघात मघा, चैत्रात चित्रा. फक्त बघायला पौर्णिमेला जाऊ नका, चंद्रप्रकाशात अंधुक तारे बुडून जातात. भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती बघा. त्यापुढे चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळचे दोन-तीन तास अंधार मिळू लागतो, आणि तिथून अमावास्येनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

नवख्या माणसाची पहिली फसगत आकाराची असते. पुस्तकात सप्तर्षी अंगठ्याएवढे छापलेले असतात, म्हणून तो आकाशातही लहानशी आकृती शोधत राहतो. मग कृत्तिकांचा इवलासा पुंजका दिसला की त्यालाच सप्तर्षी समजतो. कृत्तिकांचा पुंजका जेमतेम दीड-दोन अंशांचा आणि सप्तर्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २६ अंशांचे. म्हणून आकृत्या पाठ करण्याआधी हाताचं माप शिकून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

हात पूर्ण ताठ समोर धरायचा आणि एक डोळा मिटायचा. करंगळीची रुंदी म्हणजे सुमारे १ अंश, मधली तीन बोटं एकत्र धरली की ५ अंश, आवळलेली मूठ १० अंश. अंगठा आणि करंगळी ताणून केलेली वीत २० ते २२ अंशांची होते. मुलांचे हात लहान, पण बाहूही आखूड, त्यामुळे माप साधारण तेच राहतं. आपलं माप तपासायला आकाशातच पट्ट्या आहेत. सप्तर्षींच्या चौकोनातले क्रतू आणि पुलह हे शेपटीच्या विरुद्ध कडेचे दोन तारे ५ अंशांवर, म्हणजे तीन बोटं. त्याच चौकोनाची वरची कड, क्रतू ते अत्री, १० अंश, म्हणजे एक मूठ. मृगातली आर्द्रा ते राजन्य हे अंतर साडेअठरा अंश, म्हणजे वितीला थोडं कमी. कोपर वाकलं की सगळी मापं चुकतात, आणि बहुतेकांचं कोपर नकळत वाकतंच.

सुरुवात मृगापासून करावी. शहराच्या उजेडातही हे नक्षत्र तग धरतं आणि ते खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर, बसलेलं असल्यामुळे नागपूर, पणजी, लंडन सगळीकडून दिसतं. आपल्याकडच्या कल्पनेत चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधले एका ओळीतले तीन म्हणजे व्याधाने मारलेला आणि पोटात रुतलेला बाण, आणि वरच्या दोन पायांच्या मध्ये, थोडे वर, तीन बारीक तारे म्हणजे डोकं, मृगशीर्ष. हे डोकं मुंबई-पुण्यातल्या गच्चीवरून बहुधा दिसत नाही, म्हणून त्यावाचून अडून बसू नये. बाण मात्र चुकणं अवघड आहे. सारख्या तेजाचे, सारख्या अंतरावरचे तीन तारे, एकूण लांबी पावणेतीन अंश, म्हणजे दोन बोटांच्या आत.

चार पायांपैकी ईशान्येकडचा तांबूस तारा आर्द्रा, काही मराठी नकाशांत त्याला काक्षी म्हटलेलं असतं. त्याच्या कर्णावर समोरचा निळसर पांढरा तारा राजन्य. या दोघांच्या रंगांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो, आणि ताऱ्यांचा रंग ओळखायची सवय इथेच लावून घ्यावी. आर्द्रेचं तेज बदलतं हेही ध्यानात असू द्या. २०१९ च्या अखेरीपासून ती मंद होत गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये इतकी उतरली, की जुन्या सवयीने बघणाऱ्यांना नक्षत्र अनोळखी वाटावं. ताऱ्याने फेकलेल्या धुळीचा आडोसा हे त्याचं एक मोठं कारण निघालं.

मृग ओळखूनही तो पुन्हा हरवतो तो त्याच्या तिरकेपणामुळे. नकाशात तो उभा काढलेला असतो. आपल्याकडे तो पूर्वेला उगवतो तेव्हा आडवा असतो आणि बाणाचे तीन तारे जवळजवळ एकावर एक उभे दिसतात. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास पूर्व क्षितिजाकडे बघा, नेमकं हेच चित्र असतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नऊला तो दक्षिणेकडे उंच, सुमारे ७० अंशांवर, नकाशासारखा उभा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात नऊलाच पश्चिमेला मावळताना बाण कलंडलेला असतो.

आता बाणाची रेषा वाढवायची. आग्नेयेकडे एक वीत गेलं की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. वायव्येकडे तेवढंच, एक वीत गेलं की नारिंगी रोहिणी. दोन्ही बाजूंची अंतरं २२ अंशांच्या जवळपास आहेत, त्यामुळे हे माप लक्षात ठेवायला सोपं. गोष्टही तशीच आहे: रोहिणीच्या मागे धावणारं हरीण आणि त्याला बाण मारणारा व्याध, तिघं एका रेषेत. ज्यांनी ही गोष्ट रचली ते आकाश बघणारे होते. रोहिणीच्या पुढे त्याच दिशेने सव्वा-दीड मूठ गेलं की कृत्तिका. साध्या डोळ्यांना बहुधा सहा तारे मोजता येतात.

राजन्यापासून आर्द्रेकडे रेषा काढून पुढे नेली तर पुनर्वसूचे दोन तारे, कक्ष आणि प्लव, तीन बोटांच्या अंतरावर शेजारी शेजारी. आर्द्रा, व्याध आणि प्रश्वा यांचा जवळपास समभुज त्रिकोण होतो, प्रत्येक बाजू २६-२७ अंशांची. मृगाच्या उत्तरेला, रोहिणीच्याही वर, पिवळसर ब्रह्महृदय. एवढं झालं की हिवाळ्याचं निम्मं आकाश हाती आलं.

आणि मग अगस्त्य. व्याधाच्या खाली दक्षिणेला, साडेतीन मुठींवर, तेजात व्याधाखालोखालचा तारा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊला तो बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच असतो. पुण्याच्या अक्षांशावर ही उंची जवळपास १९ अंश, आणि त्याच वेळी पाठीमागे उत्तरेला ध्रुवाची उंची साडेअठरा अंश. एकच वीत दोन्हीकडे लागते. हा योग आपल्याच पट्ट्यातला. ३७ अंश उत्तरेच्या पलीकडे अगस्त्य क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या अंगणातून तो शोधण्यात अर्थ नाही. क्षितिजाजवळच्या जाड हवेतून येताना त्याचं तेज उतरतं, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा शहराचा उजेड असेल तर तो हुकतो. जागा निवडताना शहर आपल्या उत्तरेला राहील असं बघा.

अंधुक तारा थेट शोधू नये. आधी ठळक तारा, मग त्याच्या आधाराने पुढचा, ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. लग्नात अरुंधती दाखवताना आधी शेजारचा, सप्तर्षींच्या शेपटीतला मोठा वसिष्ठ दाखवायचा आणि मग त्याला खेटून असलेली लहान अरुंधती. दोघांत १२ कलांचं, म्हणजे पूर्णचंद्राच्या निम्म्याहूनही कमी अंतर आहे. अरुंधती दिसली तर नजर आणि आकाश दोन्ही ठीक आहेत. पण १ डिसेंबरच्या सुमाराच्या लग्नात संध्याकाळी अरुंधती दाखवताच येत नाही. तेव्हा वसिष्ठ रात्री दीडनंतर उगवतो.

इथे परदेशी पुस्तकं आणि त्यांची भाषांतरं आपल्याला दगा देतात. 'सप्तर्षी कधीच मावळत नाहीत' हे वाक्य युरोपसाठी खरं आहे. महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून १६ ते २२ अंशांवर असतो, त्यामुळे त्याच्याभोवती फिरणारे सप्तर्षी वर्षातले बरेच महिने संध्याकाळी क्षितिजाखाली असतात. फेब्रुवारीच्या मध्यावर नऊला ते ईशान्येला शेपटीवर उभे दिसतात, एप्रिलअखेर आणि मेमध्ये उत्तरेला सर्वांत उंच आणि उलटे. पुलह ते क्रतू ही रेषा त्याच अंतराने पाच वेळा पुढे नेली की ध्रुव. तो फार तेजस्वी असेल ही अपेक्षा सोडा. तेजाच्या क्रमवारीत तो पहिल्या चाळिसांतही बसत नाही. त्याची ओळख एवढीच, की तो हलत नाही.

दिवाळीनंतर ध्रुव शोधायचा तर शर्मिष्ठा. नोव्हेंबरअखेर नऊला ती ध्रुवाच्या बरोबर वर, इंग्रजी 'एम'च्या आकारात असते. पाच ताऱ्यांतल्या मधल्या ताऱ्यापासून तीन मुठी खाली ध्रुव.

वेळेचं गणित एकदा समजून घेतलं की कुठलाही नकाशा वापरता येतो. तारे रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतात. पंधरा दिवसांत एक तास, महिन्यात दोन तास. ५ फेब्रुवारीला नऊ वाजता दिसणारं आकाश ५ जानेवारीला अकराला, ५ डिसेंबरला पहाटे एकला आणि ५ नोव्हेंबरला पहाटे तीनला तसंच्या तसं असतं. दुसरी दुरुस्ती घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि आपण पश्चिमेला. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून नागपूरचा स्थानिक वेळ घड्याळाच्या १४ मिनिटं मागे, पुणे आणि पणजीचा ३५, मुंबईचा ३८-३९. फिरत्या तारकानकाशावर (तारीख आणि वेळ जुळवायच्या चकतीच्या नकाशावर) वेळ लावताना तेवढी मिनिटं वजा करायची. नकाशा २० अंश उत्तर अक्षांशासाठी बनवलेला आहे ना, हेही विकत घेताना बघा. ४० किंवा ५० अंशांचा नकाशा घेतलात तर अगस्त्य आणि दक्षिणेकडचा क्रूसाच्या आकाराचा त्रिशंकू त्यात नसतीलच.

नकाशावर उत्तर वर धरली की पूर्व डावीकडे येते. ही छपाईची चूक नव्हे. हा नकाशा डोक्यावर धरून खालून बघायचा असतो, म्हणजे दिशा आपोआप जुळतात. गॅलरीत उभं राहून बघणाऱ्याने ज्या दिशेला तोंड असेल ती दिशा नकाशाच्या तळाशी आणावी.

एप्रिल-मेची रात्र आपल्याकडे सर्वांत भरलेली असते, आणि लोक मात्र आकाशदर्शन म्हणजे डिसेंबर असं धरून चालतात. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवा. तीन मुठींवर नारिंगी स्वाती, आणखी तीन मुठींवर निळसर चित्रा. चित्रेच्या नैऋत्येला दीड मुठीवर हस्ताचा ठसठशीत चौकोन. सप्तर्षींच्या चौकोनाच्या खाली, ध्रुवाच्या उलट दिशेला, सिंह: मघा हा विळ्याच्या मुठीचा तारा धरला तर विळ्यासारखा बाक दिसतो आणि मागे पूर्वेला त्रिकोण, त्याच्या टोकाला उत्तरा फाल्गुनी.

आता तोंड दक्षिणेला. मेच्या मध्यावर साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू सर्वांत उंच, म्हणजे जेमतेम ८ ते १४ अंशांवर. समोरची टेकडी किंवा इमारत मुठीएवढी जरी वर आलेली असेल तरी तो गेला. त्याच्या मागोमाग पूर्वेकडून मित्र आणि मित्रक हे नरतुरंगातले दोन तेजस्वी तारे येतात. त्यांच्यापासून रेषा काढली की ती त्रिशंकूला भिडते, आणि खरा त्रिशंकू ओळखायची हीच खात्रीची खूण आहे. कोकणातल्या किनाऱ्यावर दक्षिण दिशा मोकळी आहे ना हे दिवसाच तपासा, समुद्र बहुतेक ठिकाणी पश्चिमेला असतो. मासेमारीच्या बोटींचे दिवे क्षितिजाशी तारे म्हणून फसवतात, तेही लक्षात ठेवा.

त्याच महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात, दहा वाजता आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर आलेला असतो. मधोमध लाल ज्येष्ठा आणि शेपटीचा आकडा क्षितिजाच्या नुकताच वर. उत्तर युरोपात ही शेपटी क्षितिजाखाली राहते. आपण ती सहज बघतो आणि जूनमध्ये ढग आले की वृश्चिक ऐन भरात असताना तो आपल्यापासून हिरावला जातो. म्हणून मे चुकवू नका.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यावर नऊला वायव्येला अभिजित, पश्चिमेकडे श्रवण (दोन्ही बाजूंना एकेक लहान तारा, म्हणून चुकत नाही) आणि उत्तरेला उंच हंसाचं शेपूट, असा मोठा त्रिकोण असतो. पूर्वेला भाद्रपदांचा चौकोन. त्याची प्रत्येक बाजू सुमारे दीड मूठ आणि आतली जागा शहरातून अगदी रिकामी दिसते. रिकामा म्हणूनच तो सापडत नाही, लोक ताऱ्यांनी भरलेलं काहीतरी शोधत असतात. चौकोनाची पश्चिमेची बाजू पूर्वा भाद्रपदा, ती दक्षिणेला साडेचार मुठी वाढवली की एकटा मीनास्य. पूर्वेची बाजू उत्तरा भाद्रपदा. ती उत्तरेला नेली की शर्मिष्ठेच्या कडेच्या ताऱ्याजवळून ध्रुवाकडे पोचते.

इथून देवयानी दीर्घिकेपर्यंत (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहापर्यंत) पायऱ्यापायऱ्यांनी जाता येतं. चौकोनाच्या ईशान्येच्या ताऱ्यापासून देवयानीची रांग निघते. कोपऱ्यातला तारा पहिला धरून त्या रांगेतला दुसरा ठळक तारा घ्या, तिथून वायव्येकडे वळून दोन अंधुक तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी जो धुरकट लांबट डाग दिसतो तो २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. शहरात ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण लागेल, अंधाऱ्या गावात डोळे पुरतात. डागाकडे रोखून न बघता थोडं बाजूला बघा. नजरेच्या मध्यभागी अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, कडेला असतात.

त्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनच्या एका पांढऱ्या झगमगाटाने ती मेहनत वाया जाते. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बांधा आणि नकाशा त्या उजेडात वाचा. स्टेलॅरियमसारखं ॲप जरूर ठेवा, पण त्याचं काम शेवटी, आपण ओळखलेलं बरोबर आहे का ते पडताळायला. आधीच फोन आकाशाकडे धरणाऱ्याला नाव कळतं, जागा लक्षात राहत नाही. चुंबकाच्या बटणाचं कव्हर असेल तर ते काढा, नाहीतर फोनची दिशा भलतीकडे जाते. साधं होकायंत्र महाराष्ट्रात खऱ्या उत्तरेपासून जवळजवळ ढळत नाही, तेवढी सोय आपल्याला आहे.

सगळं जुळतंय आणि तरी एक ठळक तारा नकाशात नाही, असं झालं तर तो बहुधा ग्रह. ग्रह क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, पट्ट्यातच फिरतात: कृत्तिका-रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा, ज्येष्ठा यांच्या आसपास. सप्तर्षीत किंवा शर्मिष्ठेत ग्रह कधीच येत नाही, तिथे अनोळखी दिवा दिसला तर तो विमान किंवा उपग्रह असण्याची शक्यता जास्त. मंगळ ज्येष्ठेजवळ किंवा रोहिणीजवळ आला की दोन तांबूस ठिपके दिसतात आणि गोंधळ उडतो, तेव्हा लुकलुकणारा तो तारा आणि बहुतेक स्थिर राहणारा तो ग्रह. क्षितिजालगत मात्र ही कसोटी लावू नका. तिथे हवेच्या थरांमुळे ग्रहही थरथरतात, आणि उगवता व्याध तर लाल, हिरवा, निळा असा भराभर रंग बदलतो. तो दोन मुठी वर येईपर्यंत थांबा. मग तो पांढराच दिसेल.